तिकीट काढताना विमान आतनं कसलं आहे ते पण विचारा

(राजारामपुरीतल्या आमच्या बुकिंग ऑफिसच्या ग्राहकांसाठी)

पुण्याला जायला ट्रॅव्हल्सची गाडी बुक करताना आपला कोल्हापूरकर काय काय विचारतो बघा, टायरवरची सीट नको, एकदम मागची नको, गाडी व्होल्वो आहे का साधी, एसी नीट चालतो का, आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसला आईला लोअर बर्थ मिळाला नाही तर सरळ जायची तारीख बदलतो. आणि तोच माणूस मुलाकडं अमेरिकेला जायचं तिकीट काढायला आला की एकच प्रश्न विचारतो, सगळ्यात स्वस्त कुठलं बसतंय? पाच तासाच्या गाडीला एवढी चौकशी आणि वीस-बावीस तासांच्या प्रवासाला काहीच नाही. हे रोज बघून बघून शेवटी हा कागद छापायचं ठरवलं.

आमच्याकडं पुष्कळ जण विचारतात की लोक खरंच विमानाच्या आतली सीट-बिट बघून कंपनी ठरवतात का. आमचा अनुभव असा आहे की पहिल्या वेळी नाही ठरवत, दुसऱ्या वेळी नक्की ठरवतात. पहिलं तिकीट भाडं आणि टायमिंग बघून निघतं, त्यात काही चूक नाही, पैसा सगळ्यांनाच बघावा लागतो. पण परत आल्यावर जो फोन येतो त्यात भाड्याचं कोण बोलत नाही, गुडघे समोरच्या सीटला घासत होते, बाथरूमला जायला दोन माणसं उठवावी लागली, रात्रभर पाय सुजले, हेच बोलतात. आणि मग पुढच्या वेळी म्हणतात ती कंपनी सोडून कुठलंही दाखवा. म्हणजे केबिन, विमानातली बसायची जागा, बघूनच ठरवलं की नाही, फक्त एक प्रवास उशिरा. कंपन्यांना हे चांगलं माहिती आहे, उगाच नाही एअर इंडियानं २०२४ च्या सप्टेंबरात जुन्या विमानांच्या केबिन आतनं बदलायचा ४० कोटी डॉलरचा कार्यक्रम सुरू केला. इंजिन तेच, विमान तेच, बदललं काय तर सीट, गालिचे, पडदे, लाइट.

आधी आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळाचं सांगतो, ते थोडक्यात आहे. इथनं जी छोटी विमानं उडतात त्यात मधली सीट हा प्रकारच नाही. इंडिगोच्या एटीआरमध्ये ७८ सीटा, स्टार एअरच्या एम्ब्रेअर १७५ मध्ये ७६ सीटा आणि त्यातल्या १२ बिझनेसच्या, दोन्हीत इकॉनॉमीला इकडं दोन तिकडं दोन. नवरा-बायको असाल तर याच्यासारखं बरं काही नाही. एटीआर पंख्याचं विमान आहे, चढायचं दार मागं असतं आणि पंखे पुढच्या बाजूला येतात, त्यामुळं आवाज पुढं जास्त आणि मागं जरा शांत, म्हणजे गाडीत मागची सीट नको म्हणतो त्याच्या बरोबर उलटं. पंख वर असल्यामुळं खिडकीतनं खाली सगळं मोकळं दिसतं, पावसाळ्यात कुणी लहान मूल बरोबर असेल तर खिडकीची सीट मागाच. वरचे कप्पे मात्र लहान आहेत, मोठी ट्रॉली बॅग दारातच काढून घेतात, म्हणून औषधं, चष्मा, दागिने वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा. बाकी तासाभराच्या प्रवासाला आम्ही पण सांगतो की वेळ बघा आणि भाडं बघा, सीटचा फार विचार करू नका.

खरा फरक मोठ्या प्रवासात पडतो आणि तिथं दोन आकडे समजून घ्या. एक म्हणजे पिच. आपल्या सीटच्या एका ठिकाणापासून पुढच्या सीटच्या त्याच ठिकाणापर्यंतचं अंतर, इंचात. हे पायासाठी मिळणारं अंतर नव्हे, कारण त्यातच सीटच्या पाठीची जाडी पण येते. इकॉनॉमीला हे साधारण २८ पासून ३२ इंचांपर्यंत असतं. आता नवीन सीटा पाठीला पातळ येतात त्यामुळं २९ इंचात पण गुडघा सुटतो पण गादी पातळ झालेली असते, दोन तासाला चालतं, दहा तासाला कंबर बोलायला लागते. दुसरा आकडा रुंदीचा. एअरबसचं ए३२० विमान बोइंग ७३७ पेक्षा आतनं जरा रुंद आहे, दोन्हीत वाटेच्या दोन्ही बाजूला तीन-तीन सीटा, पण पहिल्यात सीट साधारण १८ इंच आणि दुसऱ्यात १७. एक इंच ऐकायला काहीच वाटत नाही. पण आमच्याकडं तालमीतली पोरं कुस्त्यांना बाहेर जायला तिकीट काढायला येतात, तिघं शेजारी बसले की खांद्याला खांदा, मधल्याला हातच ठेवायला जागा नाही, त्यांना विचारा एक इंच म्हणजे काय. इंडिगोची मोठी विमानं ए३२० घराण्यातली, अकासा एअरची ७३७, एवढं लक्षात ठेवलं तरी देशातल्या देशात पुष्कळ झालं. उंच माणसानं पिच बघायचं, अंगानं भरलेल्यानं रुंदी बघायची. आणि दोन्ही असेल तर आम्हाला आधी सांगा, आम्ही शोधून देतो, त्यात लाजायचं काय.

मोठ्या विमानात तर एकाच कंपनीत फरक पडतो. एमिरेट्सचं उदाहरण घ्या, त्यांच्या बोइंग ७७७ ला पण इकॉनॉमीत एका रांगेत तीन-चार-तीन सीटा आणि डबलडेकर ए३८० ला पण खाली तीन-चार-तीन, पण ए३८० चं पोट रुंद आहे म्हणून सीट इंचभर मोठी येते. भाडं कित्येकदा तेवढंच. म्हणून नुसतं कंपनीचं नाव विचारू नका, विमान कुठलं ते विचारा.

अजून एक गोष्ट आहे जी डोळ्याला दिसत नाही आणि आमच्या मते ज्येष्ठ लोकांसाठी तीच सगळ्यात महत्त्वाची. विमान ३५-४० हजार फुटांवर असतं पण आतली हवा दाबून ठेवलेली असते, जुन्या धाटणीच्या विमानांत ती साधारण ८ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होऊ शकते. बोइंग ७८७ म्हणजे ड्रीमलायनर आणि एअरबस ए३५० मध्ये ती ६ हजार फुटांइतकी ठेवतात. आपल्या अंदाजानं सांगायचं तर कळसूबाईचं शिखर ५४०० फूट, म्हणजे नव्या विमानात तुम्ही कळसूबाईच्या थोडं वर बसलाय आणि जुन्यात त्याच्या दीडपट उंचीवर, ते पण रात्रभर. हे जमतं कारण या विमानांचं अंग बरंचसं कार्बन फायबरचं आहे, ते जास्त दाब सोसतं आणि गंजत नाही, म्हणून आत ओलावा पण जरा जास्त ठेवता येतो. घसा कमी कोरडा पडतो, उतरल्यावर डोकं कमी जड होतं. ड्रीमलायनरच्या खिडक्या दीड फूट उंच आहेत आणि त्याला ओढायचा पडदा नाही, बटण दाबलं की काच काळी होते. आजी-आजोबांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते पडदा शोधत बसतात.

आता एक आमचीच चूक सांगतो. आमच्या एका जुन्या ग्राहकांना, गडहिंग्लजकडचे काका-काकू, मुलीच्या बाळंतपणाला जायचं होतं आणि आम्ही सात हजार रुपये वाचतात म्हणून एक तिकीट सुचवलं. विमानात तीन-चार-तीन, आणि दोघांना चारच्या रांगेतल्या मधल्या दोन सीटा मिळाल्या. काकूंचा गुडघ्याचा त्रास आम्हाला माहिती होता, विचारायचं सुचलं नाही. चौदा तासात काकू फक्त दोनदा उठल्या, शेजारच्या झोपलेल्या माणसाला उठवायचं कसं म्हणून पाणी पण प्यायल्या नाहीत. आल्यावर काका काही बोलले नाहीत हो, तेच जास्त लागलं. तेव्हापासून आम्ही साठीच्या पुढच्या प्रत्येकाला विचारतो की गुडघा, कंबर, साखर, लघवीचा त्रास काही आहे का, आणि आइलची, म्हणजे मधल्या वाटेकडंची सीट थोडे पैसे भरून का होईना आधीच घेतो. तुम्हाला हे प्रश्न खासगी वाटतील पण त्याचं कारण हे आहे.

सीट निवडताना इमर्जन्सी दाराजवळची सीट पुष्कळांना पाहिजे असते, पाय पसरायला मिळतात. पण तिथं लहान मुलं, गरोदर बाई, चालायला त्रास असलेली माणसं बसवत नाहीत, कारण वेळ आली तर दार उघडायला मदत करावी लागते, आणि तिथल्या काही सीटा मागं पडत नाहीत. एकदम पहिल्या रांगेत समोर भिंत असते, बाळाचा पाळणा तिथंच लावतात म्हणून बाळ असेल तर ती मागायची, पण टेबल सीटच्या हातात असल्यामुळं सीट किंचित अरुंद होते आणि पायाशी पिशवी ठेवता येत नाही. बाथरूमच्या जवळची सीट म्हणजे रात्रभर माणसांची ये-जा. आणि पोरांच्या सीटचं टेन्शन घेऊ नका, डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पीएनआरवरच्या (म्हणजे एकाच बुकिंग नंबरवरच्या) आई किंवा वडिलांपैकी एकाच्या शेजारी बसवायचं. म्हणून सगळ्या कुटुंबाचं तिकीट एकत्रच काढा, अर्धं मोबाइलवर आणि अर्धं आमच्याकडं असं करू नका.

निळे-जांभळे लाइट, सीटचे रंग, मोठा स्क्रीन, यावर मात्र कंपनी ठरवू नका असं आमचं स्पष्ट मत आहे. छान वाटतं, मान्य, लांबच्या प्रवासात लाइट हळूहळू बदलला की झोपेला मदत पण होते, पण फोटोत जे दिसतं ते बहुतेक वेळा बिझनेस क्लास असतं आणि आपण बसणार असतो पस्तिसाव्या रांगेत. जाहिरातीतला फोटो आम्हाला पाठवला तरी चालेल, तो कुठल्या क्लासचा आणि कुठल्या विमानाचा ते आम्ही सांगतो.

तिकिटावर एक बारीक ओळ असते, ऑपरेटेड बाय, ती वाचाच. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं असं सर्रास असतं, आणि तुम्ही ज्या सीटसाठी पैसे मोजले ती सीट त्या विमानात नसतेच. शिवाय कंपनी ऐनवेळी विमान बदलू शकते, मग निवडलेली सीट पण बदलते. ते आपल्या हातात नाही, आमच्या पण नाही.

म्हणून आमच्याकडनं परदेशाचं तिकीट काढलं असेल तर निघायच्या आठवडाभर आधी आणि परत दोन दिवस आधी आम्ही विमान आणि सीट पुन्हा तपासतो, काही बदललं असेल तर तुम्हाला फोन करतो आणि दुसरी सीट मागून घेतो. याचे वेगळे पैसे घेत नाही. तुम्ही फक्त तिकीट काढताना प्रत्येकाचं वय, उंची, काय दुखतं-खुपतं आणि कोण कुणाशेजारी बसणार हे एका चिठ्ठीवर लिहून आणा, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तरी चालेल, आणि आई-वडील एकटे जाणार असतील तर जमल्यास त्यांनाच ऑफिसात घेऊन या, सीटचा नकाशा आम्ही त्यांना स्क्रीनवर दाखवून समजावतो, दार कुठं, बाथरूम कुठं, त्यांची जागा कुठं.