मुंगसाच्या तावडीतून सुटलेली कोंबडी

मुंगसाच्या किंवा कुत्र्याच्या तोंडून सोडवलेली कोंबडी पुष्कळदा मान टाकून निपचित पडते. 'मेली' म्हणून तिला टाकून देऊ नका, आणि कापायचीही घाई करू नका. शत्रूच्या तावडीत सापडल्यावर निश्चल होणं हा पक्ष्यांचा बचावाचा शेवटचा उपाय असतो. आथानासियुस किर्चर या जर्मन धर्मगुरूनं १६४६ साली कोंबडीच्या या अवस्थेचं वर्णन करून ठेवलंय. अमेरिकेत १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोल्ह्यांनी पकडलेली बदकं अशीच पडून राहिली आणि पकड सुटल्यावर त्यांतली काही निसटली.

पहिले काही तास जखमेपेक्षा धक्क्याचा धोका मोठा असतो. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. रक्त गेलं, पिसं उपटली गेली की ही ऊब झपाट्यानं कमी होते. म्हणून तिला कोरड्या गोणपाटावर, खोक्यात किंवा डालग्याखाली, अंधाऱ्या आणि उबदार जागी ठेवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं काही मिनिटं दाबून धरा. दीड किलोच्या कोंबडीत रक्त असतं जेमतेम शंभर मिलिलिटर. उचलताना छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच त्यांना श्वास घेता येतो. चोच उघडून पाणीही ओतू नका, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागेच असतं. शुद्धीवर आली की ओआरएसचं पाणी समोर ठेवा, ती स्वतः पिईल.

ती सावरली की पिसं बाजूला करून सगळं अंग तपासा. ही पायरी बहुतेक जण उरकून टाकतात आणि कोंबडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाते. फाटलेली कातडी लगेच दिसते, सुळ्याचं बारीक भोक मात्र पिसांखाली लपतं. त्याच भोकातून तोंडातले जंतू खोल गेलेले असतात. मांजराच्या आणि कुत्र्याच्या तोंडात पाश्चरेला नावाचे जीवाणू असतात, आणि कोंबड्यांचा कॉलरा याच जंतूंमुळे होतो. शिवाय पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. त्यांतली एखादी फाटली तर कातडीखाली हवा भरून अंग फुगतं. अशी कोंबडी थेट पशुवैद्यकांकडे न्या.

जखम धुवायला उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घाला. पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक वापरायचं तर पाण्यात फिकट करून. हायड्रोजन पेरॉक्साइडनं नव्यानं भरत असलेलं मांसच जळतं. हळदीची पूड खोल भोकात दाबून भरू नये असं मला ठामपणे वाटतं, कारण तोंड बुजतं आणि घाण आतच राहते. कोंबडीचा पू आपल्यासारखा वाहत नाही, घट्ट पनीरासारखा गोळा होतो. तो आपोआप निचरत नाही, डॉक्टरांनाच काढावा लागतो. माश्या मात्र काही तासांतच जखमेवर अंडी घालतात, त्यामुळे दिवसातून दोनदा बघणं आलंच.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती, म्हणून २००६ साली भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. ते कोंबडीलाही बाधतं. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं असेल तर ते सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत.

अंडी मुळात बंदच होतील. ताणाच्या काळात कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि अंड्याचं काम मागे पडतं. पीस मुळासकट निघालं असेल तर तिथं काही आठवड्यांत नवं उगवतं, मध्येच तुटलेलं मात्र पुढच्या पिसं गळण्याच्या हंगामापर्यंत तसंच राहतं. पीस म्हणजे बहुतांश प्रथिनच, त्यामुळे या दिवसांत उकडलेलं अंडं किंवा सुकट खाद्यात मिसळा.

जखम पूर्ण भरेपर्यंत तिला इतर कोंबड्यांत सोडू नका. लाल कातडी दिसली की त्या टोचायला लागतात. नॉर्वेचे थोरलीफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं, की कळपात कोण कोणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते. तिच्या गैरहजेरीत ही उतरंड बदललेली असते. आधी काही दिवस मध्ये जाळी ठेवून एकमेकींना दिसू द्या, मग शांत स्वभावाची एक कोंबडी तिच्याबरोबर ठेवा आणि त्यानंतरच सगळ्यांत मिसळू द्या. तोवर खुराड्याची फट शोधून बुजवा, कारण मुंगूस त्याच वाटेनं पुन्हा येतं.