८० टक्के लिमिट आलं कुठून? ईव्ही चार्जिंगच्या एका सवयीची पार्श्वभूमी

ईव्ही घेतली की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी सांगतं, रोज ८० टक्क्यांवर थांबव, १०० फक्त लांबच्या प्रवासाला. दुसरा म्हणतो ९० चालतं, तिसरा ७० वर अडून बसलेला असतो, आणि ज्याची बॅटरी एलएफपी (लिथियम-आयनचाच एक प्रकार) आहे तो म्हणतो अरे मला तर कंपनीच १०० कर म्हणते. सगळे आपापल्या गाडीपुरते बरोबर असतात. पण हा ८० चा आकडा नेमका कुठून आला ते कळलं की अर्धा गोंधळ तिथेच सुटतो.

जुना इतिहास थोडक्यात उरकतो. लेड-ॲसिडच्या जमान्यात नियम अगदी उलटा होता, बॅटरी उतरलेली ठेवली की प्लेटांवर सल्फेट चढायचं आणि ती बसायची, त्यामुळे कायम फुल ठेवणं हीच चांगली सवय. जनरल मोटर्सची १९९६ ची ईव्ही१ ही इलेक्ट्रिक गाडी सुरुवातीला लेड-ॲसिडवरच धावली, मग १९९९ मध्ये तिच्यात निकेल-मेटल हायड्राइड आली. मधल्या काळात निकेल-कॅडमियमने लोकांना "आधी पूर्ण उतरू दे, मगच लाव" हे शिकवलं. लिथियम-आयन १९९१ मध्ये बाजारात आली, तिला यातलं काहीच लागू नव्हतं, पण सवयी आधीच्याच राहिल्या. आजही घरातली मोठी माणसं फोन पूर्ण उतरवून चार्ज करायला सांगतात ती तेव्हाची शिकवण आहे.

आता केमिस्ट्री, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. चार्ज करताना लिथियम कॅथोडमधून, म्हणजे सेलच्या धन टोकातून, निघतं आणि ऋण टोकातल्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतं. जितकं जास्त बसेल तितकी ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटची (दोन टोकांमधल्या द्रवाची) मोडतोड वाढते, त्याचा एक पापुद्रा ग्रॅफाइटवर चढत जातो आणि त्यात जे लिथियम अडकलं ते कायमचं गेलं. दुसऱ्या टोकाला, व्होल्टेज वर गेलं की कॅथोडजवळही इलेक्ट्रोलाइट खराब होतो. हे सगळं गाडी चालवली नाही तरी चालूच असतं, नुसती उभी असली तरी. आणि गरमी असेल तर कितीतरी झपाट्याने. म्हणजे बॅटरीला त्रास "१०० पर्यंत चार्ज केली" याचा जेवढा होतो त्यापेक्षा "१०० वर गरम जागी तासन् तास उभी ठेवली" याचा जास्त होतो. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण सल्ले देताना नेमका तोच गाळला जातो.

आणि इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगतो, ८० ला केमिस्ट्रीत काहीच खास नाही. ७९ वर सुरक्षित आणि ८१ वर धोका अशी कुठलीही रेघ नाही. ग्रॅफाइटवाल्या सेल नुसत्या ठेवून केलेल्या अभ्यासांत वय वाढण्याचा वेग टप्प्याटप्प्याने वाढताना दिसतो आणि त्यातली एक मोठी पायरी बऱ्याच सेलमध्ये ५५-६० च्या आसपास येते. मग ८० का? तर रोजच्या वापराला रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) पुरली पाहिजे आणि वरचं सगळ्यात त्रासदायक टोकही टळलं पाहिजे, यातली ती तडजोड. आकडा गोल आहे, लक्षात राहतो, बस.

ही तडजोड गाडीत पहिल्यांदा कशी उतरली ते बघण्यासारखं आहे. २००८ ला टेस्लाची रोडस्टर आली, ६,८३१ छोटे लॅपटॉप टाइप सेल एकत्र जोडून केलेला पॅक. त्यात रोजच्यासाठी स्टँडर्ड मोड, लांब जायचं तर रेंज मोड, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर चार्ज खालीच ठेवणारा स्टोरेज मोड. म्हणजे रोजचं वेगळं आणि प्रवासाचं वेगळं ही कल्पना तेव्हापासूनची. २०१० च्या शेवटी दोन गाड्या आल्या आणि त्यांनी दोन वेगळे रस्ते धरले. शेवर्लेच्या व्होल्टमध्ये पॅक १६ किलोवॅट-अवरचा, पण वापरायला दिले साधारण १०.४, वरचं आणि खालचं टोक कंपनीने कुलूप लावून ठेवलं. मालकाने रोज "फुल" केली तरी सेल आतून फुल होतच नव्हते. निसानच्या लीफने मात्र २४ किलोवॅट-अवरमधला बहुतेक भाग मालकाच्या हातात दिला आणि चार्जिंग टायमरच्या मेनूत एक पर्याय ठेवला, ८० टक्के, बॅटरीचं आयुष्य वाढवणारा. व्होल्टला लिक्विड कूलिंग होतं, लीफच्या पॅकला थंड करायची कसलीच सोय नव्हती, ना पाणी ना पंखा. एकीकडे काळजी कंपनीने घेतली, दुसरीकडे ती मालकावर सोपवली. पुढचं सगळं भांडण याच दोन रस्त्यांचं आहे.

आता लीफच्या डॅशबोर्डकडे जरा जवळून बघू. उजवीकडे चार्जच्या मोठ्या पट्ट्या आणि त्यांच्या कडेला बारीक १२ पट्ट्या, या बारीक पट्ट्या म्हणजे बॅटरीची उरलेली क्षमता. पहिली बारीक पट्टी गेली की साधारण १५ टक्के क्षमता गेलेली असायची, पुढची प्रत्येक पट्टी सव्वासहा टक्क्यांची. म्हणजे बाराच्या बारा पट्ट्या उभ्या आहेत म्हणून मालक निर्धास्त, आणि आत १०-१२ टक्के आधीच गायब. २०१२ मध्ये ॲरिझोनाच्या उन्हात गाड्या दुसऱ्या उन्हाळ्यात पट्ट्या गमवायला लागल्या तेव्हा लोक हादरले. प्रकरण कोर्टात गेलं, आणि त्यातली एक तक्रार नेमकी आपल्या विषयाची होती, की ८० च्या वर चार्ज टाळावं हे आम्हाला गाडी विकत घेण्याआधी का सांगितलं नाही. मला ही तक्रार शंभर टक्के रास्त वाटते. गाडी १०० च्या रेंजवर विकायची आणि मॅन्युअलमध्ये आत कुठेतरी ८० सुचवायचं, हे बरोबर नाही. पुढे कंपनीने क्षमतेची वॉरंटी आणली, ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांत पट्ट्या ९ च्या खाली गेल्या तर दुरुस्ती किंवा बदली.

आणि मग तो निर्णय, ज्याच्यावर मी अजूनही अडकून आहे. अमेरिकेत गाडीच्या काचेवर सरकारी रेंजचं स्टिकर लागतं. लीफमध्ये ८० आणि १०० असे दोन ठरावीक पर्याय होते, तेव्हा तपासणाऱ्या यंत्रणेने विचारलं की मालक रोज कुठला वापरणार? नक्की उत्तर नाही म्हटल्यावर दोन्हींची सरासरी काढली. १०० वर ८४ मैल, ८० वर ६६ मैल, सरासरी ७५. २०१३ च्या गाडीवर हाच ७५ चा आकडा छापला गेला, म्हणजे साधारण १२१ किलोमीटर. २०१४ च्या मॉडेलमधून कंपनीने ८० चा पर्यायच काढून टाकला. बॅटरी तीच, २४ किलोवॅट-अवर, पण स्टिकरवर आकडा ८४, म्हणजे १३५ किलोमीटर. रेंज एका फटक्यात ९ मैलांनी वाढली आणि ती वाढवायला एकही सेल बदलावा लागला नाही, मेनूतली एक ओळ पुसली एवढंच.

कंपनीची बाजूही आहे, ती सांगायला हवी. स्पर्धेतल्या गाड्या पूर्ण चार्जचा आकडा मिरवत होत्या, आपण चांगली सवय लावायला पर्याय दिला त्याचीच शिक्षा मिळते असं त्यांना वाटलं असेल तर त्यात चूक काय. यंत्रणेचंही चुकलं म्हणता येत नाही, ग्राहकाला रोज मिळेल ती रेंज दाखवणं हेच तिचं काम. पण यात भरडला गेला तो मालक. ज्याला बॅटरी जपायची होती त्याच्याकडे साधन उरलं नाही. लोक मग टायमरला अंदाजाने वेळ लावायचे, इतक्या तासांत इतके टक्के भरेल असा हिशेब करून ८० च्या आसपास वीज बंद करायचे. थंडीत हिशेब चुकायचा, सकाळी गाडी ६५ वर नाहीतर ९५ वर. एका स्टिकरपायी एवढी यातायात, आणि तीही अशा गाडीत जिच्या पॅकला कूलिंग नव्हतं, म्हणजे जिला त्या पर्यायाची सगळ्यात जास्त गरज होती.

पुढे स्लायडर रुळला, ५० पासून १०० पर्यंत कुठेही लिमिट लावा. दोन ठरावीक पर्याय राहिले नाहीत, स्टिकरवर पूर्ण चार्जची रेंज छापली जायला लागली आणि रोजची सवय मालकाच्या बोटावर आली. आज आपल्याला स्लायडर इतका साधा वाटतो की त्याच्या मागे एवढं काही घडलं असेल असं वाटत नाही.

एक शब्दाचा घोळ मात्र वाढतच गेला. "८० टक्के" दोन वेगळ्या कारणांनी बोललं जातं आणि लोक ते एकच समजतात. फास्ट चार्जरवर ८० ला निघा असं सांगतात ते वेळेसाठी, कारण सेल भरत आला की व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकतं, मग करंट कमी कमी करावा लागतो, आणि शेवटच्या २० टक्क्यांना कधी कधी आधीच्या ६० एवढा वेळ जातो. रांगेतला माणूस ताटकळतो. घरच्या स्लो चार्जरवर करंट आधीच इतका कमी असतो की हे कारण तिथे जवळपास लागूच नाही, तिथलं ८० हे आयुष्यासाठी. तिसरा अर्थ २०२०-२१ मध्ये आला, काही मॉडेलमध्ये सेल बनवतानाच्या दोषामुळे आगी लागल्या आणि रिकॉलची (कंपनीने गाड्या परत बोलावून केलेली) दुरुस्ती होईपर्यंत मालकांना ९० चं लिमिट ठेवायला सांगितलं गेलं. ते लिमिट निव्वळ सुरक्षेचं होतं, पण त्यातून "१०० केली की आग लागते" अशी भीती पसरली ती अजून पूर्ण गेलेली नाही.

"१००" हा शब्दही तितकाच फसवा. स्क्रीनवरचे १०० म्हणजे कंपनीने वापरायला दिलेल्या भागाचे १००. ऑडीच्या पहिल्या ई-ट्रॉनमध्ये पॅक ९५ किलोवॅट-अवरचा आणि वापरायला ८३.६, तर काही गाड्यांत हा राखीव भाग अगदी थोडा. त्यामुळे एका गाडीचे ९० आणि दुसरीचे १०० सेलच्या दृष्टीने जवळपास सारखे असू शकतात. मित्राच्या गाडीचं लिमिट स्वतःच्या गाडीला लावण्याआधी एवढं बघायला हवं.

आणि मग एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. २०२० नंतर टेस्लाच्या मॉडेल ३ सारख्या गाड्यांत ती आली आणि सांगितलं गेलं की लिमिट १०० ठेवा, निदान आठवड्यातून एकदा तरी पूर्ण भरा. लोकांनी याचा अर्थ घेतला की एलएफपीला १०० आवडतं. तसं नाही. या सेलचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात ३.३ व्होल्टच्या आसपास जवळपास सपाट राहतं, त्यामुळे ४० टक्के आहेत की ६० हे व्होल्टेज बघून सांगणं कठीण. गाडीचा कॉम्प्युटर आत-बाहेर गेलेला करंट मोजत राहतो, चूक साठत जाते, आणि ती दुरुस्त होते वरच्या टोकाला, जिथे व्होल्टेज एकदम उसळतं. नाही भरली तर एक दिवस स्क्रीनवर १२ टक्के दिसताना गाडी बंद पडू शकते. म्हणजे हा १०० चा सल्ला मुळात मोजमापाचा आहे. २०२४ मधल्या एका अभ्यासात तर एलएफपी सेलसुद्धा वरच्या टोकालाच पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज करत ठेवले की जास्त लवकर झिजताना दिसले. एलएफपी मुळात चार्ज-डिस्चार्जच्या जास्त फेऱ्या टिकते म्हणून तिथे ही झीज परवडते, एवढंच. आठवड्यातून एकदा भरा हे पाळावं, पण भरून दोन-दोन दिवस उन्हात उभी ठेवायचं काही कारण नाही.

अलीकडे वॉरंटीचे आकडे बरेचसे सारखे झालेत, ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरला ७० टक्के क्षमता. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांतही हाच टप्पा आला, आणि त्याआधीचा ५ वर्षं किंवा १,००,००० किलोमीटरला ८० टक्क्यांचा. योगायोगाने पुन्हा ८०, पण हे ८० उरलेल्या क्षमतेचे, चार्ज लिमिटचे नाहीत, आणि हे दोन्ही एकमेकांत मिसळलेले मी इतक्या वेळा वाचलंय की इथे वेगळं सांगणं भाग होतं. नव्या गाड्यांत आता निघायची वेळ टाकता येते. रात्री ७० वर थांबून गाडी पहाटे पुन्हा चार्ज घेते आणि आपण चावी हातात घेतो तेव्हा १०० वर येऊन जेमतेम पाच-दहा मिनिटं झालेली असतात. टायमरला अंदाजाने तास लावत बसणाऱ्या २०१४ च्या त्या मालकांना नेमकं हेच हवं होतं.