फोंड्याच्या पडद्यावरचा पिवळा आकडा
आमचे बिलिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्या, एकापेक्षा जास्त दुकाने असलेल्या ग्राहकांसाठी

"म्हापशाच्या दुकानात काजूची १२ पाकिटे दाखवतात, इथे फोंड्याला १५. खरे कुठले धरायचे?" हा फोन आमच्याकडे वरचेवर येतो. म्हापशाच्या बाजाराच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, तर हमखास. घाबरू नका, बिलिंग बिघडलेले नाही. माल म्हापशाच्या गोदामात आहे, तेव्हा म्हापशाचे १२ खरे. फोंड्याला दिसतात ते १५ म्हणजे शेवटचा निरोप आला त्या वेळचा आकडा, म्हणून तो पिवळा. असे का केले आहे ते फोनवर गडबडीत नीट सांगता येत नाही, म्हणून हा कागद.

तुमच्या दोन्ही दुकानांतल्या कॉम्प्युटरांची मेमरी वेगवेगळी आहे. एकाला दुसऱ्याच्या मेमरीत डोकावता येत नाही. निरोप पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची, एवढेच त्याच्या हातात. याला डिस्ट्रिब्युटेड मेमरी म्हणतात. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने १९९१ मध्ये उभा केलेला परम ८००० हा महासंगणक याच पद्धतीचा होता: प्रत्येक प्रोसेसरची मेमरी आपापली आणि सगळा व्यवहार निरोपांवर. फरक इतकाच, की त्याचे प्रोसेसर शेजारी शेजारी होते आणि तुमच्या दोन दुकानांच्या मध्ये मांडवी नदी आहे, शिवाय पावसाळ्यातली वीज.

अंतराची किंमत किती, पाहा. स्वतःच्या मेमरीतला आकडा वाचायला कॉम्प्युटरला साधारण सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. तोच आकडा इंटरनेटवरून दुसऱ्या दुकानाला विचारून आणायला २० मिलिसेकंद लागले असे धरले, तरी ते दोन लाख पट झाले. म्हणून प्रत्येक वेळी न विचारता फोंड्याचा कॉम्प्युटर जवळ एक नक्कल ठेवतो. नक्कल पाहायला चालते, विकायला चालत नाही.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. आमच्या पहिल्या आवृत्तीत दोन्ही दुकाने आपापल्या नकलेतून माल वजा करत असत. चवथीच्या आदल्या दिवशी एका ग्राहकाच्या दोन दुकानांनी तुपाची तीच चार खोकी दोघांना विकली. नेट तेवढ्यात गेले होते, दोन्हीकडे "शिल्लक ४" दिसत होते. मालक आम्हाला बोलले, आणि त्यांचे काही चुकले नाही.

त्यानंतर आम्ही मांडणी बदलली. आता प्रत्येक मालाचा साठा हा एक ऑब्जेक्ट आहे. आकडा त्याच्या पोटात, आणि बाहेरून त्याला फक्त ठरलेल्या गोष्टी सांगता येतात: किती आहेत, तीन राखून ठेव, दोन परत घे. गल्ल्यात कोणीही हात घालायचा नाही, गल्ल्यावर बसलेल्याला सांगायचे, तसे. ही कल्पना जुनी आहे. ओस्लोच्या डाल आणि न्यूगार्ड या संगणकशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये सिम्युला या प्रोग्रामिंगच्या भाषेत क्लास (म्हणजे ऑब्जेक्टचा साचा) आणि ऑब्जेक्ट आणले. या पद्धतीला ऑब्जेक्ट-ओरिएंटेड हे नाव देणारे संगणकशास्त्रज्ञ ॲलन के पुढे म्हणाले, की यातली मोठी गोष्ट ऑब्जेक्ट नव्हे, त्यांच्यातले निरोप. दोन दुकानांचे सॉफ्टवेअर लिहायला बसलात की हे पटते.

याचा आणखी एक फायदा. "तुझ्यावर कर किती?" हा एकच प्रश्न काजूला विचारा की फेणीला, दोघे आपापल्या नियमाने उत्तर देतात, कारण दारू जीएसटीच्या बाहेर आहे. बिल करणाऱ्या भागाला तो फरक ठाऊक असण्याची गरजच नाही.

आता खरी गोची. फोंड्याने "तीन राखून ठेव" असा निरोप धाडला आणि उत्तर आले नाही. निरोपच पोचला नाही, की पोचून तीन पाकिटे राखली गेली आणि उत्तर वाटेत हरवले? फोंड्यात बसून हे कळण्याचा कुठलाही मार्ग नाही. चोडणहून फेरीबोटीतून रायबंदरला चिठ्ठी धाडली आणि उत्तर आले नाही तर तुम्हाला तरी काय कळणार? म्हणून आम्ही प्रत्येक निरोपावर क्रमांक घालतो. उत्तर आले नाही तर तोच निरोप त्याच क्रमांकाने पुन्हा जातो. म्हापशाचा ऑब्जेक्ट आपली वही पाहतो, हा क्रमांक आधी येऊन गेलेला असेल तर पुन्हा वजाबाकी करत नाही, पहिलेच उत्तर परत देतो.

तेव्हा "मंजुरीची वाट" असे दिसत असताना बिल रद्द करून नवे करू नका. नव्या बिलाच्या निरोपाला नवा क्रमांक मिळतो, आणि मग सहा पाकिटे राखली जातात. थांबा, किंवा गिऱ्हाईक घाईत असेल तर सरळ म्हापशाला फोन लावा. तो अजूनही उत्तम उपाय आहे.

बिलांचे क्रमांक मात्र एकमेकांना विचारावे लागत नाहीत. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे क्रमांक १६ अक्षरांच्या आत हवा, पण मालिका एकापेक्षा जास्त चालतात. म्हणून म्हापशाची मालिका "म"ने सुरू होते, फोंड्याची "फ"ने. नेट नसतानाही दुकानातल्या मालाचे बिल होते ते यामुळेच.

तुमचे दुकान एकच असेल तर यातले काहीही तुम्हाला नको. साधी आवृत्ती घ्या, ती स्वस्तही आहे. दोन असतील तर एवढे पाळा: एका दुकानाचा डेटा पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्यात टाकू नका. कितीही घाई असली तरी. त्याने निरोपांची वहीच पुसली जाते, आणि मग रात्री बसून दोन्ही दुकानांतली पाकिटे हाताने मोजावी लागतात.