साळुंके, अण्णा हरी

साळुंके, अण्णा हरी : मूकपटाच्या काळातील मराठी नट व छायाचित्रकार. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटातील तारामती व ‘लंकादहन’ (१९१७) या चित्रपटातील राम आणि सीता या त्यांच्या भूमिका प्रसिद्ध आहेत. पहिल्या भूमिकेमुळे त्यांना भारतीय कथापटाची पहिली ‘नायिका’ म्हटले जाते, तर दुसऱ्या चित्रपटामुळे भारतीय पडद्यावरील पहिल्या दुहेरी भूमिकेचा मान त्यांच्याकडे जातो. मात्र त्यांच्या कामाचा मोठा भाग पडद्यावर नव्हे, तर कॅमेऱ्यामागे झाला. अठरा वर्षांच्या कारकिर्दीत (१९१३–३१) नट म्हणून त्यांच्या नावावर जेमतेम पाच चित्रपट आहेत आणि छायाचित्रकार म्हणून तीसच्या आसपास. नटीच्या लुगड्यातून यंत्राच्या हँडलपर्यंतचा हा प्रवास नाशिक येथील फाळके यांच्या ‘कारखान्या’त घडला, म्हणून त्या कारखान्याच्या रीतीभाती बाजूला ठेवून या माणसाचे काम समजत नाही.

साळुंके चित्रपटात आले ते मुंबईच्या ग्रँट रोड भागातील एका उपाहारगृहातून. ‘राजा हरिश्चंद्र’ची जुळवाजुळव करताना फाळक्यांना पुरुषपात्रे मिळाली, हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी दत्तात्रय दामोदर दाबके हे रंगभूमीवरचे नट आले, विश्वामित्र गजानन वासुदेव साने यांनी केला आणि रोहिदासाच्या कामाला फाळक्यांनी आपला मुलगा भालचंद्र घेतला. अडले ते तारामतीपाशी. त्यांनी वर्तमानपत्रात जाहिराती दिल्या, कलावंतिणींच्या वस्त्यांतही चौकशी केली. तथापि कॅमेऱ्यासमोर उभी राहायला बाई मिळाली नाही. पोटासाठी अब्रू गहाण टाकलेल्या बायकांनाही सिनेमात काम करणे कमीपणाचे वाटावे, यावरून त्या काळी या धंद्याची पत काय होती ते कळते. अखेर उपाहारगृहात काम करणारा सडपातळ बांध्याचा आणि नाजूक हातांचा एक तरुण फाळक्यांच्या नजरेत भरला. दरमहा दहा रुपयांवर तो काम करीत होता. फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि त्याला तारामती केले, अशी ही हकीकत सांगितली जाते. काही ठिकाणी त्याचे काम स्वयंपाक्याचे, तर काही ठिकाणी वाढप्याचे म्हणून येते.

मराठी माणसाला पुरुषाने स्त्रीची भूमिका करणे मुळीच नवे नव्हते. संगीत नाटकाच्या रंगमंचावर भाऊराव कोल्हटकरांनी स्त्रीभूमिका गाजवल्या होत्या आणि ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला त्या सुमारास बालगंधर्वांच्या लोकप्रियतेला भरते आले होते. असे असता एखाद्या नाटक मंडळीतला मुरलेला स्त्रीपार्टी नट न घेता फाळक्यांनी उपाहारगृहातला नवखा तरुण घेतला, ही गोष्ट वरवर चमत्कारिक वाटते. पण स्त्रीपार्टी नटाची खरी दौलत गळ्यात असे. नाट्यपदाची तान, संवादातला लाडिक हेल आणि प्रेक्षकांचा ‘वन्स मोअर’ हे सारे मूकपटात निरुपयोगी होते. तेथे लागत होता तो चेहरा, मान, बोटे आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर न जाता हालचाल करण्याची शिस्त. ती शिस्त शिकवता येते आणि नवख्याला शिकवणे मुरलेल्या नटापेक्षा सोपे जाते. शिवाय दिवसभर ऊन असेपर्यंत, मिळेल त्या पगारात राबण्याची तयारी नाटकातल्या नावाजलेल्या नटाने दाखवली असती, असे मानायला जागा नाही.

मिशांचा प्रश्न मात्र होताच. वडील वारले म्हणजे मिशी उतरवायची हा त्या काळचा प्रघात असल्याने धडधाकट वडील असलेला तरुण गुळगुळीत ओठांनी बाहेर पडला तर शेजारीपाजारी काय समजतील, हे उघड होते. तारामतीच्या सख्यांचे काम करायला आलेल्या मंडळींची समजूत घालण्यात फाळक्यांचा बराच वेळ गेला. सिनेमात आहोत हे चारचौघांत सांगणे अवघड, म्हणून ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे’ असे सांगा, असा तोडगाही त्यांनीच सुचवला होता. पुढे ‘कारखाना’ हा शब्द रुळला आणि, एका अर्थाने, खराही ठरला.

‘राजा हरिश्चंद्र’चे अंतर्भाग दादरला आणि बाह्यचित्रण वांगणीच्या परिसरात झाले. तेथे तलवारी-भाले घेतलेली वेषधारी मंडळी पाहून दरोडेखोर आले अशी गावात आवई उठली आणि पोलिसांपुढे खुलासा करावा लागला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. चित्रपट २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडवरील ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना आणि ३ मे रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये सर्वांना दाखवण्यात आला. त्यातला सर्वांत बोलका भाग म्हणजे तारामती व तिच्या सख्यांच्या जलक्रीडेचा. कारंज्याच्या हौदात उतरलेल्या, अंगाला ओली लुगडी चिकटलेल्या या सख्या सगळे पुरुष आहेत, हे आजच्या प्रेक्षकाला पहिल्या दृष्टिक्षेपात कळते. साळुंके मात्र त्यांच्यात वेगळे पडतात. ते अंग चोरून वावरत नाहीत आणि बाईपणाचा आवही फारसा आणत नाहीत. पदर सावरण्याची साधी हालचाल ते साधेपणानेच करतात. रंगभूमीवरून आलेल्या दाबक्यांचे हातवारे लांबच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी केल्यासारखे मोठे आहेत, त्याच्या शेजारी ही काटकसर उठून दिसते.

या यशानंतर १९१३ मध्येच फाळक्यांनी बिऱ्हाड आणि धंदा नाशिकला हलवला. त्र्यंबकेश्वर हे त्यांचे जन्मगाव, मुंबईपेक्षा खर्च कमी, गोदावरीचे घाट, दगडी देवळे, वाडे आणि भोवतीचे डोंगर हाताशी. पौराणिक चित्रपटाला लागणारा बहुतेक देखावा येथे फुकट मिळत होता. नाशिकला कारखाना हा एकत्र कुटुंबासारखा चाले. नट, चित्रकार, सुतार, शिंपी, रसायनात फिल्म धुणारे असे सगळे मासिक पगारावर असत. ज्या दिवशी नटाला काम नसे त्या दिवशी तो दुसऱ्या खात्यात हात लावी. फाळके स्वतः छायाचित्रकार, शिलामुद्रक आणि जादूगार असे सर्व काही होऊन सिनेमात आले होते, तेव्हा एका माणसाने एकच काम करावे हा विचार त्यांच्या कारखान्यात रुजण्याचे कारणच नव्हते. पहिल्या चित्रपटाचे छायाचित्रण करणारे त्र्यंबक बाबाजी तेलंग हेही फाळक्यांच्या हाताखालीच कॅमेरा शिकले होते.

नाशिकला आल्यावर लगेच स्त्रीपात्राची अडचण एकदा सुटल्यासारखी झाली. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये कमलाबाई गोखले यांनी मोहिनीची आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची भूमिका केली. म्हणजे पहिल्या चित्रपटानंतर वर्षाच्या आतच पडद्यावर खऱ्या स्त्रिया आल्या होत्या. तरीही चार वर्षांनी सीता साळुंक्यांनीच केली. पुरुषांच्या जागी स्त्रिया आल्या, असा सरळ उतरता जिना या इतिहासात सापडत नाही. नाटक मंडळीतल्या दोघी मायलेकींना एका चित्रपटापुरते आणता आले. कारखान्यात बारा महिने पगारावर राहणारी नटी मिळायला अजून वेळ होता. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये तर बालकृष्णाचे काम फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने केले. कोणाच्या वाट्याला कोणते सोंग येईल, हे घरात कोण आहे यावर ठरत असे.

‘लंकादहन’ (१९१७) हा साळुंक्यांच्या नटपणाचा कळस होय. हनुमानाच्या भूमिकेत गणपत शिंदे होते आणि राम व सीता या दोन्ही भूमिकांत साळुंके. एकाच नटाने दोन्ही कामे करण्यामागे फार मोठी कलादृष्टी शोधण्याची गरज नाही. सीताहरणानंतरच्या कथेत राम एका बाजूला आणि सीता समुद्रापलीकडे असल्यामुळे दोघांना एका चौकटीत आणण्याचे प्रसंग थोडे, आणि सोवळे सोडून वल्कले व वल्कले सोडून लुगडे नेसणे एवढीच खरी मेहनत होती. सीतेचे दंड जरा जास्तच पिळदार दिसतात, ही तक्रार तेव्हापासून आजपर्यंत विनोदाने केली जाते. प्रेक्षकांना त्याचे काही वाटले नाही. पडद्यावर राम दिसताच लोक पायातले जोडे काढून ठेवत, मद्रासकडे या चित्रपटाच्या उत्पन्नाची नाणी बैलगाडीतून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, अशा आठवणी सांगितल्या जातात. पंचवटी, सीतागुंफा आणि काळाराम मंदिर ज्या गावात आहेत, जेथे शूर्पणखेच्या नाकाची गोष्ट गावाच्या नावाशी जोडली जाते, त्या नाशिकच्या रहिवाशांना मात्र आपले राम आणि सीता एकाच देहात बाजारातून भाजी आणताना दिसत असणार, ही कल्पना केल्याशिवाय राहवत नाही.

१ जानेवारी १९१८ रोजी वामन श्रीधर आपटे आदी भागीदारांच्या भांडवलावर हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली आणि नाशिकचा घरगुती कारखाना भागीदारीच्या धंद्यात बदलला. भागीदारांशी न पटल्याने फाळके १९१९ च्या सुमारास बाहेर पडून काशीला गेले व १९२२ मध्ये परतले. दरम्यान कंपनीचे चित्रपट इतर दिग्दर्शकांच्या हाती होते आणि त्याच वर्षांत साळुंके छायाचित्रकार म्हणून पुढे आले. व्ही. एस. निरंतर यांचा ‘सत्यनारायण’ (१९२२) आणि फाळक्यांचा ‘बुद्धदेव’ (१९२३) हे त्या काळातले त्यांच्या नावाशी जोडलेले दोन चित्रपट. यानंतर अभिनय मागे पडला. वय वाढले, चेहऱ्यावरची कोवळीक गेली आणि स्त्रीभूमिकेला स्त्रिया मिळू लागल्या, ही कारणे उघड आहेत. पण कॅमेऱ्याचे काम त्यांच्याकडे केवळ पोटापाण्याची सोय म्हणून आले असे समजणे अन्यायाचे होईल.

मूकपटाचा कॅमेरा हाताने चालत असे. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी पुढे सरकत आणि सेकंदाला दोन फेरे हा साधारण वेग. म्हणजे सेकंदाला सोळा चित्रे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी मावतात, तेव्हा हजार फुटांचे एक रीळ भरायला दोन हजार फेरे घालावे लागत. ‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फूट लांबीचा होता. त्यासाठी वाया गेलेली फिल्म सोडूनही ५९ हजारांवर चित्रे एका मनगटाने मोजून घेतली होती. हात किंचित मंदावला की पडद्यावर राम धावू लागे आणि वेग वाढला की तो पाण्यात चालल्यासारखा दिसे. समोर युद्ध चालले असो वा सीतेचा शोक, छायाचित्रकाराच्या हाताने त्यात गुंतायचे नसे. पुष्कळ जण मनातल्या मनात गाणे म्हणून ताल सांभाळत. तेव्हाच्या फिल्मला निळा रंग चटकन लागे आणि तांबडा लागतच नसे. त्यामुळे निळे आकाश पांढरेफटक, तर कपाळावरचे कुंकू, रंगवलेले ओठ आणि लाल शालू काळे ठिक्कर पडत. सावळ्या त्वचेतही तांबूस छटा असल्याने रंग न लावलेला चेहरा पडद्यावर अधिकच गडद उतरे. कोणत्या लुगड्याला कोणता करडा रंग येतो, नाकाच्या कडेला किती पांढरा लावला तर चेहरा सपाट होतो, उन्हात पापणी किती वेळ न लववता राहता येते, हे साळुंके स्वतःच्या अंगावर शिकले होते. दुसऱ्या नटाला त्यासाठी त्यांना वेगळे विचारावे लागत नसावे.

प्रकाश सूर्याचाच होता. उघड्यावर मंच उभारून त्यावर पांढरे कापड ताणायचे, ऊन गाळून घ्यायचे आणि सावली सरकेल तसे नेपथ्य फिरवायचे, ही रोजची पद्धत. नाशिकला आषाढ-श्रावणात हे काम कित्येक दिवस ठप्प होई. देव प्रकट होणे, मस्तक धडावेगळे होणे, मारुतीचे आकाशगमन या चमत्कारांसाठी हँडल थांबवून पात्र बदलणे किंवा भिंगाचा अर्धा भाग झाकून तीच फिल्म मागे फिरवून पुन्हा वापरणे, या युक्त्या होत्या. मागे किती फेरे घातले याचा हिशेब एका चौकटीने चुकला, तर दोन प्रतिमांची जुळणी बिघडून सगळे रीळ फुकट जाई. पौराणिक मूकपटात चमत्काराचे श्रेय दिग्दर्शकाला मिळत गेले. ते घडत असे ते छायाचित्रकाराच्या मोजणीत.

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट मुंबईत लागला आणि मूकपटाची बाजारपेठ दोन-तीन वर्षांत बसली. बोलपटाला ठरावीक वेगाने चालणारी मोटर आणि आवाजबंद खोली लागत असल्याने हाताच्या तालावर तयार झालेल्या छायाचित्रकारांचे कसब एकाएकी निरुपयोगी झाले. साळुंक्यांच्या नावावरचे चित्रपट याच वर्षाशी थांबतात. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, प्रभात फिल्म कंपनीने हरिश्चंद्राचीच कथा ‘अयोध्येचा राजा’ या नावाने मराठीत बोलती केली आणि त्यात तारामतीचे काम मुंबईच्या सुशिक्षित घराण्यातील दुर्गा खोटे यांनी केले. नाशिकच्या कंपनीचा ‘सेतुबंधन’ हा फाळक्यांचा शेवटचा मूकपट मागाहून आवाज जोडून दाखवावा लागला.

‘राजा हरिश्चंद्र’चे पहिले व शेवटचे रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केलेले आहे. हे भाग मूळ १९१३ च्या चित्रपटाचे नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या छोट्या आवृत्तीचे असावेत, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. ‘लंकादहन’चा थोडाच तुकडा शिल्लक असून त्यात अशोकवनात बसलेली सीता दिसते.