गोळ्या सोडल्यावरचा त्रास म्हणजे व्यसन नव्हे

मनाच्या आजारावरील गोळ्या थांबवताच माणूस चिडचिडा होतो, म्हणजे त्याला त्यांचे व्यसन लागले आहे आणि त्या एकदम तोडणेच बरे, असा समज गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत अनेक घरांत टिकून आहे. तो चुकीचा आहे आणि घातकही. मेंदूने नैराश्यावरील औषधाशी जुळवून घेतलेले असते. ते अचानक थांबल्यास काही दिवसांतच चक्कर, निद्रानाश, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना, रडू किंवा संताप उद्भवू शकतो. नैराश्यावरील औषधांपैकी पॅरॉक्सेटिन व व्हेनलाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांच्याबाबत हे अधिक घडते. फ्लुओक्सेटिन रेंगाळते, म्हणून कमी. औषधाची अनावर ओढ यात नसते. चिंतेवरील अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची मात्र सवय लागू शकते, आणि त्या एकाएकी बंद केल्यास आकडीही येऊ शकते. द्विध्रुवी विकारावरील (बायपोलर) लिथियम अचानक सोडल्यास उन्माद, म्हणजे अतिउत्साहाचा झटका, उसळण्याचा धोका वाढतो. घरच्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण असा रुग्ण सुरुवातीला उत्साही, अगदी बरा झाल्यासारखा दिसतो. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवडे किंवा महिने घेऊन उतरवावी. त्यासाठी बांबोळीच्या मनोरुग्णालयात किंवा १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर विचारता येते.