अल्टरनेटर उतरवणे व उघडणे

अल्टरनेटर म्हणजे इंजिनावरच्या पट्ट्याने फिरणारे, मोटारीची बॅटरी चार्ज करणारे जनित्र. ते उतरवायला ताकद फारशी लागत नाही. धोका आहे तो मागच्या जाड तारेत. ही तार थेट बॅटरीशी जोडलेली असल्याने चावी बंद असली तरी तिच्यात वीज असते. तिचा नट सोडवताना पाना बॉडीला टेकला, की शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात आणि पाना क्षणात तापतो. हातात अंगठी वा कडे असेल तर ते आधी उतरवावे. म्हणून प्रथम बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढतात आणि काम संपल्यावर तेच सर्वांत शेवटी जोडतात. अल्टरनेटर तपासायला इंजिन चालू ठेवून बॅटरी काढण्याची जुनी ‘परीक्षा’ मात्र घेऊ नये. व्होल्टेज उसळून डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळतात.

इंजिन गार झाल्यावर पट्ट्याच्या मार्गाचा फोटो घेऊन टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) सावकाश ढिला करतात. नंतर रेग्युलेटरचा (व्होल्टेज ताब्यात ठेवणाऱ्या भागाचा) प्लग, जाड तार आणि बोल्ट काढतात. शेवटचा बोल्ट निघताना अल्टरनेटरला हाताचा आधार हवा.

नुकसान बहुधा उघडताना होते. आधी दोन्ही झाकणांवर आणि मधल्या स्टेटरवर (वेटोळ्यांच्या स्थिर भागावर) आडवी खूण ओरखडावी, म्हणजे जोडताना ते पूर्वीसारखे जुळवता येतात. ब्रश (रोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) बाहेरून काढता येत असतील तर तेही आधीच काढावेत, नाहीतर रोटर, म्हणजे आतला फिरता भाग, ओढताना ते तुटण्याची भीती असते. लांब बोल्ट काढल्यावर झाकण उचकटायला स्क्रूड्रायव्हर खोल खुपसला, तर तांब्याच्या वेटोळ्यांवरचे वार्निश खरवडते आणि स्टेटर कायमचा बाद होतो. स्टेटरच्या तारा बहुतेकदा मागच्या बाजूला डायोडांशी जोडलेल्या असतात. त्यामुळे रोटर पुढच्या झाकणासह बाहेर घ्यावा, स्टेटर मागेच राहू द्यावा. फ्रीव्हील पुली (एकाच दिशेने पकड घेणारे पट्ट्याचे चाक) असेल तर ती काढायला खास अवजार लागते.

रोटरवरच्या दोन स्लिप रिंगांमधला (ब्रश घासतात त्या कड्यांमधला) रोध साधारण २ ते ५ ओहम भरतो. रिंग आणि शाफ्ट यांच्यात मात्र विजेचा जोड मुळीच दिसू नये. बेअरिंग हाताने फिरवून पाहावे: खरखरले की बदलावे.

अनेक अल्टरनेटरांत मागच्या झाकणाला बारीक भोक असते. जोडणीच्या वेळी ब्रश आत दाबून त्यातून तार घालतात, झाकण बसले की ती ओढून घेतात. इंजिन सुरू केल्यावर साध्या गाडीत बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसतात.

हायब्रिड गाड्यांतल्या ४८ व्होल्टच्या स्टार्टर-जनित्रांना ही रीत लागू नाही.