फ्रेट वायर जरा जास्तच वाकवायची असते, ते का?

गिटारीच्या नेकवर, म्हणजे लांब दांडीवर, धातूच्या ज्या आडव्या पट्ट्या असतात त्या फ्रेट, आणि त्या जिच्यातून कापतात ती फ्रेट वायर. नेकवर तारा ढिल्या करून एक छोटी स्टीलची पट्टी आडवी ठेवून बघा. बहुतेक गिटारींवर ती मधे टेकते आणि दोन्ही बाजूंना डुलते, कारण फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली नेकवरची लाकडी फळी) सपाट नसतोय, त्याला गोलाई असते (क्लासिकल गिटार सोडा, तिचा बोर्ड जवळपास सपाटच). ही गोलाई रेडियसमधे सांगतात. फेंडर कंपनीच्या जुन्या गिटारींना ७.२५ इंच, नंतरच्या बऱ्याच फेंडरला ९.५, गिब्सनला १२, मार्टिनच्या अकूस्टिकला १६. आकडा मोठा तेवढा बोर्ड सपाट.

आता फ्रेट वायर आडवी कापून बघितली तर आकार इंग्रजी टी सारखा. वरचा गोल भाग क्राऊन, बोटाखाली लागतो तो, आणि खाली उभी पातळ पट्टी म्हणजे टँग, ती लाकडातल्या खाचेत जाते. टँगवर दोन्ही बाजूंनी बारीक दाणे असतात, ते लाकडात रुततात आणि फ्रेट धरून ठेवतात.

सरळ वायर ठोकली तर काय होतंय, याचा हिशोब शाळेतल्या भूमितीचा आहे. बाराव्या फ्रेटजवळ नेकची रुंदी साधारण ५२ मिमी धरा आणि रेडियस ९.५ इंच, म्हणजे २४१ मिमी. रुंदीचा वर्ग करा आणि रेडियसच्या ८ पटीनं भागा, उत्तर येतं १.४ मिमी. म्हणजे सरळ वायर मधे टेकवली की दोन्ही टोकं बोर्डापासून १.४ मिमी वर राहणार, आणि टँगची खोली तरी किती, दीड मिमीच्या आसपास! टोकाकडची टँग जवळजवळ पूर्ण बाहेरच.

मिरजेच्या सतारीला हा त्रास नाही बघा. सतारीचा पडदा कमानीसारखा असतो, दांडीला दोऱ्यानं बांधतात, दांडीवर टेकतो तो फक्त दोन टोकांना, मधे पोकळी, आणि सुराप्रमाणं वर खाली सरकवता पण येतो. गिटारीच्या फ्रेटला मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडाशी जुळवून घ्यावं लागतंय आणि एकदा बसला की बसला.

मग कोणी म्हणेल की हातोडीनं ठोकली की बसते की सरळ वायर पण. बसते, काही दिवस. धातू वाकवला की त्याचं वाकणं दोन प्रकारचं असतं. एक, अणू आपल्या जागेवरून जरासे ताणले जातात आणि जोर काढला की परत येतात. दुसरं, अणूंचे थर एकमेकांवरून कायमचे घसरतात, ते परत येत नाहीत. कुठल्याही बेंडमधे दोन्ही मिसळलेलं असतं, आणि पहिल्या प्रकारामुळं धातू थोडा उलटतो त्याला स्प्रिंगबॅक म्हणतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पट्ट्या वाकवणाऱ्या कुठल्याही कारागिराला विचारा, काटकोन पाहिजे असेल तर तो काटकोनाच्या जरा पुढं दाबतो, कारण सोडल्यावर ती मागं येणार हे त्याच्या हाताला माहीत असतं.

फ्रेट वायरमधे हा स्प्रिंगबॅक अंदाजापेक्षा लई मोठा असतो. नेहमीची वायर जर्मन सिल्वरची, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. निकेल बहुतेक १८ टक्के, चांदीचा कणही नाही. ती खेचून खेचून बनवलेली असते म्हणून कडक. अशा धातूला कायमचं वाकवायला साधारण ०.३ ते ०.४ टक्के तरी ताण (म्हणजे लांबीत तेवढा फरक) द्यावा लागतो. वायरची एकूण उंची २.८ मिमी धरली आणि २४१ मिमीच्या रेडियसला वाकवली तर सगळ्यात वरच्या आणि खालच्या कडेला ताण पडतो फक्त ०.६ टक्क्याच्या आसपास, आणि मधल्या भागाला तर त्याहून कितीतरी कमी, म्हणजे वायरचा मोठा भाग अजून स्प्रिंगच असतो आणि सोडलं की सगळा भाग मिळून तिला परत सरळ करायला बघतो. ढोबळ हिशोबानं २४१ मिमी रेडियस पाहिजे असेल तर रोलरमधे १३० च्या आसपास आवळावी लागते. प्रत्यक्षात कोणी हे गणित करत बसत नाही, स्क्रू थोडा थोडा आवळत वायर पुन्हा पुन्हा फिरवायची आणि बोर्डावर धरून बघायचं.

त्यासाठीचं यंत्र म्हणजे तीन रोलर. दोन एका बाजूला, मधला तिसरा समोरून स्क्रूनं दाबायचा. टँग नेहमी गोलाईच्या आतल्या बाजूला येते, म्हणून आतल्या रोलरला टँग मावेल अशी बारीक खाच पाहिजे, नाहीतर टँग चेपते आणि वायर पिळते. प्लायवर तीन जागी बेअरिंग बसवून घरी पण बनतं, आतल्या बाजूला दोन बेअरिंग शेजारी शेजारी आणि मधे पातळ वॉशर, झाली खाच. आपल्याकडं लेथची काय कमी नाही, रोलरच करून घेतला तर उत्तम.

पकडीनं वाकवू नका. पकड जिथं धरता तिथंच सगळं वाकणं गोळा होतं, तिथं कोपरा पडतो आणि दोन कोपऱ्यांमधली वायर सरळच राहते. तो कोपरा नंतर निघत नाही, वाकलेला धातू तेवढ्याच जागी अजून कडक होतो, मग पुढच्या वेळी तो सोडून शेजारचा मऊ भाग वाकतो.

अजून एक आयडिया लोकांना सुचते, गुजरीत सराफ चांदी तापवून मऊ करतात तसं वायर तापवायची. वाकेल छान, पण तापवल्यावर गेलेला कडकपणा थंड झाल्यावर परत येत नाही आणि गिटारीच्या स्टीलच्या तारा त्या मऊ फ्रेटवर भराभर खड्डे पाडतात.

आता मुख्य गोष्ट. वायर बोर्डाएवढी वाकवून थांबायचं नाही, थोडी जास्त. १२ इंचाच्या बोर्डाला १० इंचाच्या आसपास. अशी वायर बोर्डावर ठेवली की टोकं टेकतात आणि मधे साधारण ०.२ मिमीची फट दिसते, दोन कागदांएवढी. आधी टोकं ठोकायची, मग मधे. मधला भाग खाली जाताना वायर किंचित पसरते, टँगवरचे दाणे खाचेत बाजूला सरकतात आणि नवीन लाकडात रुततात, म्हणून पकड जास्त बसते. शिवाय शिल्लक राहिलेली स्प्रिंग टोकांना खाली दाबत राहते. कमी वाकवलेल्या वायरची स्प्रिंग उलटी, ती रात्रंदिवस टोकं वर उचलत असते.

आणि कोल्हापुरात तिला मदतीला पाऊस येतो. जून ते सप्टेंबर लाकूड ओलावा पिऊन रुंद होतं, मार्च एप्रिलला वाळून आक्रसतं. धातूला ओलाव्याचं काही नाही, तो आहे तेवढाच. लाकूड दरवर्षी असं हललं की दाण्यांची पकड थोडी सैल होते, आणि स्प्रिंग वरच्या दिशेनं असेल तर तेवढं पुरतं, टोक उचललं, अलीकडचा फ्रेट दाबला की तार त्या टोकाला लागून खरखरते. बरेच जण तिथं फेविक्विक सोडून क्लॅम्प लावतात. चालतं कधी कधी, पण वायर मुळातच कमी वाकलेली असेल तर ग्लू सतत ताणाखाली राहतो आणि एक दिवस सुटतो. तो फ्रेट सोल्डरिंग आयर्ननं गरम करून हळू काढायचा, नीट वाकवायचा आणि परत बसवायचा, हाच खरा इलाज.

स्टेनलेस स्टीलची वायर घेतली तर झिजायचा प्रश्न जवळजवळ मिटतो, पण ती उलटते पण जास्त आणि कटरची धार खाते, त्यामुळं पहिल्यांदा करणाऱ्यानं जर्मन सिल्वरच घ्यावी असं माझं मत.

फ्रेट काढून परत बसवताना खाच थोडी सैल झालेली असते, तेव्हा जाड टँगची वायर घ्यायचा मोह होतो. एखाद्या फ्रेटला ठीक आहे, पण सगळ्या २० फ्रेटना घेतली आणि प्रत्येक टँग खाचेपेक्षा नुसती ०.०५ मिमीनं जास्त जाड निघाली, तरी वरच्या बाजूला मिळून १ मिमीची पाचर ठोकल्यासारखं होतं आणि नेक मागं वाकायला लागते. मग ट्रस रॉड (नेकच्या आतला, तिचा बाक ठरवणारा धातूचा दांडा) सोडत बसा.